छातीशी धरलेली फाईल

बाहेर व्हरांड्यात कुणाचं तरी बाळ रडायला लागलं आणि भरल्या कोर्टात उभ्या असलेल्या कात्रीच्या छातीत बारीक सुया टोचल्यासारखं झालं. आधी डावीकडं, मग उजवीकडं. तिनं दचकून खाली, स्वतःच्या काळ्या कोटाकडं पाहिलं. कोट कोरडा होता. कोरडा असणार नाही तर काय! पन्नाशी केव्हाच उलटलेली, केस रंगवायचे सोडून दिलेले, आणि जिला कधीकाळी पाजलं ती लेक आता स्वतःच बाळंत व्हायला आलेली. शरीराला इतकी साधी गोष्ट कळू नये? पण शरीर कुणाचा युक्तिवाद ऐकून घेत नाही. परकं पोर भिंतीपलीकडं टाहो फोडत होतं आणि हिची छाती जुन्या नोकरासारखी हाक ऐकून उठून उभी राहिली होती. तिला भयंकर लाज वाटली. आजूबाजूला कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं, यायचं कारणही नव्हतं, तरी तिची कानशिलं तापली आणि नेहमीच्या सवयीनं तिनं हातातली फाईल छातीशी घट्ट धरली.

कात्री हे नाव बाररूममधल्या मंडळींनी ठेवलेलं, अर्थात माघारी. समोरच्या वकिलाचं लांबलचक बोलणं ती एका वाक्यात कापून टाकते म्हणून. तोंडावर सगळे मॅडम म्हणायचे आणि वचकून असायचे. आज तिच्यासमोर एक नवी मुलगी होती. तिच्या खांद्याला कायम एक फुगीर निळी पिशवी लटकलेली असायची, म्हणून शिपायापासून सगळ्यांनी तिचं नावच निळी पिशवी पाडलं होतं. प्रकरण तसं किरकोळ. एका म्हाताऱ्या घड्याळजीचं जिन्याखालचं दुकान, आणि ते बंदच पडलंय म्हणत रिकामं करून मागणारा इमारतीचा मालक. मालक कात्रीचा पक्षकार, घड्याळजी निळ्या पिशवीचा. कोर्टानं तात्पुरती स्थगिती दिली होती, म्हणजे दुकानाला तूर्त कुणी हात लावायचा नाही. ती स्थगिती पुढं चालू ठेवायची की उठवायची, एवढाच आजचा प्रश्न. पुकारा झाला, दोघी उभ्या राहिल्या, आणि नेमकं तेव्हाच ते बाळ रडायला लागलं. निळ्या पिशवीनं एकदा दाराकडं पाहिलं आणि न्यायाधीशांना म्हणाली,

"साहेब, हे प्रकरण जरा मागं घ्यावं अशी विनंती आहे. मधली दोन-चार होऊ द्यात. बाळाला पाजायचं आहे."

अशी विनंती काही नवी नव्हती. रोज सकाळपासून पाचपन्नास वेळा कुणी ना कुणी उठतं आणि प्रकरण मागं घ्या म्हणतं. त्याची कारणंही ठरलेली, सगळ्यांची पाठ झालेली. दुसऱ्या कोर्टात उभा होतो साहेब, सीनियर वाटेत आहेत साहेब, रक्तदाब वाढलाय साहेब. खरं काय ते कुणी विचारत नाही आणि समोरचा वकील हरकत नाही म्हणून मोकळा होतो, कारण उद्या त्याच्यावरही तीच वेळ यायची असते. या कामात तेवढी एक माणुसकी सगळे पाळत आले होते, आणि कात्रीही पाळत आली होती. पण हे कारण त्या खोलीत आजवर कुणी तोंडानं उच्चारलं नव्हतं. न्यायाधीशांनी चष्मा सारखा केला आणि सुटका करून घ्यावी तसं कात्रीकडं पाहिलं.

"मॅडम, तुमचं काय म्हणणं?"

हरकत नाही, एवढं म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण छातीतल्या त्या सुया अजून थांबल्या नव्हत्या, त्या कुणाला तरी दिसतील असं तिला उगीचच वाटत होतं, आणि समोर ती पोरगी जे आपण जन्मभर दातांखाली दाबून धरलं ते खुशाल बोलून मोकळी झाली होती.

"साहेब, कोर्टाचं कामकाज पाळण्याच्या झोक्यावर चालायला लागलं तर आम्ही सगळ्यांनी घरीच बसलेलं बरं."

हशा पिकला. पुढच्या बाकावरचे हसले, मागचे न ऐकताच हसले, न्यायाधीशांच्याही ओठांचा कोपरा हलला. ते निळ्या पिशवीला म्हणाले, "चला, सुरू करा. लवकर आटपू." आणि झालं.

निळी पिशवी हसली नाही, रडवेलीही झाली नाही. तिनं बोलायला सुरुवात केली. तयारी चोख होती, हे कात्रीला पहिल्या वाक्यालाच कळलं. पण बाहेरचं रडणं थांबेना, आणि थोड्याच वेळात त्या पोरीच्या गळ्यातल्या पांढऱ्या बँडखाली, कोट जिथं उघडा होता तिथं, सदऱ्यावर एक ओला डाग उमटला. मग त्याच्या शेजारी दुसरा. पुढच्या बाकावरच्या एकानं मान वळवून पाहिलं. दुसऱ्यानं मुद्दाम छताकडं पाहिलं, ते जास्त वाईट होतं. पोरीच्या लक्षात आलं. बोलणं न थांबवता तिनं टेबलावरची फाईल उचलली आणि छातीशी धरली, हनुवटी वर केली. ही कात्रीची स्वतःची ढब होती. या इमारतीत ती तिच्या नावानं ओळखली जायची, फाईल छातीशी, हनुवटी वर, एकही कागद न उलटता बोलणं. नव्या पोरी आरशासमोर तसं उभं राहून बघतात असं तिच्या कानावर आलं होतं आणि ती मनातून सुखावलीही होती. आता तीच ढब समोर उभी होती, आणि ती कशासाठी असते हे त्या खोलीत दोघींनाच ठाऊक होतं.

"दुकान चालू होतं, बंद पडलेलं नव्हतं, याला आधार काय?" न्यायाधीशांनी विचारलं. "पंचनामा झाला होता ना? कुठल्या पानावर आहे?"

"आहे साहेब. जोडलेला आहे."

"पान सांगा."

पान सांगायचं तर फाईल खाली घ्यायला हवी होती. टेबलावर ठेवून, उघडून, दोन्ही हातांनी कागद चाळायला हवे होते. पोरीची बोटं फाईलच्या कडेवर पांढरी पडली. "साहेब, पंचनामा आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय," ती पुन्हा म्हणाली. फाईल जागची हलली नाही. ते पान कात्रीला डोळ्यांपुढं दिसत होतं. काल रात्री चहा पिताना तिनं आपल्या प्रतीत त्याचाच कोपरा दुमडला होता, कारण सगळ्या कागदांत तिच्या पक्षकाराला नडणारा तेवढा एकच कागद होता. दुकान उघडं, म्हातारा डोळ्याला भिंग लावून कामावर बसलेला, खाली पंचांच्या सह्या. समोरच्याचा कागद दाखवून द्यायचं काम तिचं नव्हतं. कुठल्याही पुस्तकात तसं लिहिलेलं नव्हतं. ती गप्प उभी राहिली, आणि गप्प उभं राहणं हा काही गुन्हा नव्हे असं स्वतःला सांगत राहिली. न्यायाधीश माणूस वाईट नव्हता, त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. मग स्थगिती उठवली.

बाहेर व्हरांड्यात बाकावर प्रत्यक्ष घड्याळजीच बसला होता आणि ते रडणारं बाळ त्याच्याच मांडीवर होतं. घड्याळाचे बारीक काटे धरणारी बोटं, पण बाळ कसं धरावं ते त्यांना उमगत नव्हतं. तो त्याच्या तोंडापुढं एक जुनं घड्याळ हलवत होता. कात्रीला पाहून तो अर्धवट उठला. दोन काळ्या कोटांत फरक असतो हे त्या भल्या माणसाच्या गावीच नव्हतं.

"आत यायचं होतं हो बाई, पण हा काही ऐकेना. ह्याला सांभाळणारी बाई आज आलीच नाही, म्हणून मी म्हटलं द्या इकडं. काय झालं आमचं?"

"तुमच्या वकीलबाई सांगतील," ती म्हणाली.

"पोर गुणी आहे. आमचं काम करील ती बरोबर," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा घड्याळ हलवायला लागला. कात्रीनं पाय उचलला. मागून निळी पिशवी बाहेर आल्याचं, तिनं बाळ घेतल्याचं, रडण्याचा सूर बदलल्याचं तिला पाठीनंच कळलं. वळून बघायचं धैर्य झालं नाही. ती भिंतीकडेनं चालत राहिली.

तिच्या आधी तिचं वाक्य बाररूममध्ये जाऊन पोचलं होतं. पंख्याखाली चहाचे कप घेऊन बसलेल्यांनी वाहवा केली. सगळ्यांत पुढं अर्थातच पुढची-तारीख. हे एक गोल चेहऱ्याचे, अंगानं सैल, स्वभावानं गोड गृहस्थ. आयुष्यात एकही प्रकरण त्यांनी पहिल्या पुकाऱ्याला चालवलं नव्हतं, उभे राहिले की पुढची तारीख मागायचे, म्हणून हे नाव. "वा मॅडम, पाळण्याचा झोका!" ते म्हणाले. "पोरीची पार दांडीच उडवलीत. अहो, काय हे नवं खूळ, उद्या म्हणतील खिमट भरवायचंय." कात्री हसली. हसायला नको होतं, पण गालांना सवय होती. ते हसू मग चेहऱ्यावरून निघेना. ती खिडकीपाशी तिच्या ठरलेल्या खुर्चीत बसली, चहा समोर निवत गेला, आणि छातीवर अजून ती फाईल होती हे तिच्या ध्यानात उशिरानं आलं.

बाळंतपणातून उठून ती किती लवकर परत आली होती! थोरले साहेब, ज्यांच्या हाताखाली ती काम शिकत होती, प्रेमानं म्हणाले होते, बसा की वर्षभर घरी, मग बघू. ते 'मग बघू' तिला पुरतं ऐकू आलं होतं. तिची प्रकरणं एकेक करून दुसऱ्या टेबलावर निघाली होती, आणि ती टेबलं अशा पुरुषांची होती ज्यांना घरी तान्ही मुलं होती आणि तरी कुणी घरी बसा म्हणत नव्हतं. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. शेजारच्या बाईंनी मूल सांभाळायचं कबूल केलं आणि ती कोट चढवून निघाली. पहिल्याच दिवशी बोलताना अंगावर ऊब पसरली. आदल्या रात्री रुमालाच्या घड्या करून आत घातल्या होत्या, त्या केव्हाच भिजल्या होत्या. घामाचा वास लपतो, हा आंबूस गोड वास लपत नाही. तिनं फाईल उचलली आणि छातीशी धरली, आणि धरलेली फाईल उघडता येईना म्हणून जे काही आठवत होतं ते बोलून टाकलं, पान अमुक, ओळ तमुक. नशीब, आठवलं. त्या रात्रीपासून ती पानंच्या पानं घोकायला लागली, लेकीला पाजता पाजता, मांडीवर मूल आणि मुलाच्या पाठीवर कागद. थोरले साहेब चार लोकांत म्हणाले, याला म्हणतात तयारी, बाई फाईल उघडत नाही. दूध आटलं तरी फाईल तिथंच राहिली. नाव झालं. तिच्या स्मरणशक्तीच्या गोष्टी लोक सांगत आले, आणि त्या गोष्टींच्या मुळाशी भिजलेले रुमाल आहेत हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. निळ्या पिशवीला घोकायला रात्री मिळाल्या नसतील. किंवा मिळाल्या असतील आणि ती बिचारी झोपली असेल, जशी माणसं झोपतात.

खोटं बोलायची तिला फार लवकर सवय झाली. मुलीला ताप आला की दुसऱ्या कोर्टात होते, शाळेत बोलावलं की दुसऱ्या कोर्टात होते, हात मोडला तेव्हाही दुसऱ्या कोर्टातच होते. ही सगळी प्रतिष्ठित कारणं होती. बाई एकाच वेळी इतक्या कोर्टांत उभी राहते म्हणजे बाईला किती काम असेल, असं लोकांना वाटायचं. ही खोटी बोलणी तिला आज इतकी टोचत नव्हती. टोचत होतं ते याच खोलीतलं, त्या पलीकडच्या बाकावरचं. शेजारच्या बाईंना अचानक परगावी जावं लागलं होतं, लेक तापातून नुकती उठलेली, शाळेत पाठवण्यासारखी नव्हती. तिनं तिला इथं आणून बाकावर बसवलं, कोरे कागद आणि रंग दिले, हलायचं नाही म्हणून दटावलं. आणि त्याच दिवशी थोरले साहेब बाररूममध्ये आले. एका मोठ्या खटल्यात मदतीला कुणाला घ्यायचं ते ठरत होतं, तिचं नाव होतं आणि आणखी एका पुरुषाचं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पुढची-तारीख तेव्हा तरुण, या कोर्टात नुकतेच आलेले आणि तसेच गोड होते. त्यांनी मुलीच्या गालाला हात लावून मोठ्यानं विचारलं, "अरेच्चा, कुणाची हो ही पोर?" थोरल्या साहेबांनी मान वर केली; तिला मूल आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. आणि ती म्हणाली, "शेजाऱ्यांची आहे. आज जरा नाइलाज झाला."

मुलगी रडली असती तर बरं झालं असतं. मुलीनं फक्त एकदा वर पाहिलं, मग खाली मान घालून झाडाला निळा रंग देत राहिली. संध्याकाळी निघताना, सगळे आपापले कोट घालत असताना, तिनं हात पुढं केला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "चला काकू, घरी जाऊ या." कुणाला काहीही संशय आला नाही. आणि यातली खरी लाजेची गोष्ट वेगळीच होती. तिला वाईट वाटलं नव्हतं. तिला हायसं वाटलं होतं, कौतुक वाटलं होतं, किती चलाख आहे माझी पोर! बाहेर रस्त्यावर आल्यावर तिनं तिला शाबास म्हटलं होतं आणि दुकानातून डोळे मिटणारी बाहुली घेऊन दिली होती. खटला मिळाला. तिथून पुढं जे काही मिळत गेलं ते सगळं त्या खटल्यापासून मिळत गेलं, आणि कोर्टाच्या फाटकातून आत आलं की काकू म्हणायचं हा मायलेकींचा नियम होऊन बसला. बाप बोटीवरून परत आला तेव्हा मुलीनं त्याला समजावून सांगितलं, "बाबा, आई घरी आई असते. कोर्टात काकू असते." तो पोट धरधरून हसला. तीही हसली होती.

लेक दूरच्या शहरात राहायला गेली, लग्न केलं, पण नियम सोडला नाही. फोनवर अजून "बोला काकू" म्हणूनच सुरुवात करायची. चेष्टा होती. चेष्टाच असणार. आज सकाळीही कोट शोधत असताना तिचा फोन आला होता. "बोला काकू. डॉक्टर म्हणतात पुढचा आठवडा निघणार नाही. तू येतेस का? म्हणजे ये असं नाही, तुझ्या तारखा बघ. फक्त आज संध्याकाळपर्यंत सांग हं. नाहीतर सासूबाईंना सांगते, त्यांची बॅग भरून तयारच आहे." त्यात राग नव्हता. एखाद्या ओळखीच्या वकिलाची सोय बघून तारीख मागावी इतक्या समजूतदारपणे ती बोलली होती. पुढच्या आठवड्यात कात्रीचा मोठा युक्तिवाद लागलेला होता. ती म्हणाली होती, "बघून सांगते." म्हणताना तिला थोरल्या साहेबांचं 'मग बघू' आठवलं नव्हतं. आता निवलेल्या चहासमोर आठवलं, आणि तिला त्या खुर्चीत बसवेना.

ती उठली आणि व्हरांड्याच्या टोकाला गेली. तिथं वकिलांची कपाटं ठेवलेली एक अंधारी खोली होती, जुन्या कोटांचा कुबट वास असलेली. मूल पाजायला या एवढ्या मोठ्या इमारतीत दुसरी जागाच नव्हती, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? दार आतून ओढून घेतलेलं होतं, पण त्याला कडी नव्हती. तेव्हाही नव्हती. भिजलेले रुमाल बदलताना एका खुर्चीनं ते अडवावं लागायचं. आतून हळू, गुणगुणल्यासारखा आवाज येत होता. काय बोलायचं ते तिनं मनाशी जुळवलं. मी चुकले. नको, फार नाटकी. सकाळचं ते वाक्य. ते वाक्य काय? सबंध आयुष्य बोलण्यावर जगलेली बाई, तिला दोन सरळ शब्द सापडेनात. ती दाराला पाठ लावून तशीच उभी राहिली, निदान कुणी आत जायला नको एवढं तरी करावं म्हणून. आणि पुढची-तारीख छत्री घ्यायला आले. त्यांचं कपाट आत होतं.

"थांबा," ती म्हणाली. "आत्ता आत जाऊ नका."

"का हो? आत कोण आहे?"

"माझी मुलगी आहे."

हे तिनं ठरवून म्हटलं नाही. तोंडातून निघून गेलं, आणि निघताना इतकं सहज, इतकं गोड वाटलं की तिचे डोळे भरून आले. एवढंच तर होतं! तीन शब्द. जीभ जळली नाही, छत कोसळलं नाही. मग लगेच तिच्या अंगावर सरसरून काटा आला, कारण हे शब्द ज्या बाकावर म्हणायचे होते तो बाक मागं राहिला होता आणि ज्या मुलीचे होते तिला ते कधी मिळाले नव्हते. आज त्यांची काहीच किंमत मोजावी लागत नव्हती तेव्हा ते कुणा परक्या पोरीला देऊन ती मोकळी झाली होती. पुढची-तारीख तिच्याकडं बघतच राहिले.

"तुम्हाला मुलगी आहे?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात निव्वळ आश्चर्य होतं. "इतकी वर्षं शेजारी बसतोय, मला वाटायचं तुम्हाला मूलबाळ काही... कधी बोलला नाहीत हो, मॅडम."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि दार उघडलं. निळी पिशवी बाहेर आली. कोटाची सगळी बटणं लावलेली, खांद्यावर झोपलेलं बाळ. दाराआडून सगळं ऐकू जातं, हेही कात्रीला माहीत असायला हवं होतं.

"मी ह्यांची कोणी नाही," ती पुढच्या-तारखेला म्हणाली. "समोरच्या बाजूची वकील आहे."

पुढची-तारीख एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहत छत्री न घेताच निघून गेले. कात्रीचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता. पण पोरगी काही लागट बोलली नव्हती. जे होतं ते बोलली होती, सकाळसारखंच.

"पंचनाम्याचं पान," कात्री कशीबशी म्हणाली.

"पान मला माहीत होतं, मॅडम. म्हणजे बघून सांगता आलं असतं. फाईल उघडता आली नाही." तिनं बाळाची मान नीट खांद्यावर टेकवली. "आदेशावर अजून सही झालेली नाही. आत्ता सुट्टी संपून साहेब बसले की प्रकरण पुन्हा पुकारायला सांगून मी उभी राहणार आहे. कारण खरं तेच सांगणार."

"मी हरकत घेणार नाही."

"घ्या ना. तुमचा पक्षकार आहे, तुमचं काम आहे. पंचनाम्यावर काय बोलायचं ते बोला, मी उत्तर देईन." ती चालायला लागली, मग थांबली. "फक्त पाळण्याचं काढू नका."

ती गेली. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला घड्याळजी दोन्ही हात पुढं करून उभा होता, आता थोडे बरे धरलेले हात. कात्रीनं पर्समधून फोन काढला. लेकीला लावला. एकच रिंग झाली.

"बोला काकू!" लेक म्हणाली. "इतक्या लवकर? बघितल्यास तारखा?"

"मी येते," ती म्हणाली. "उद्याच निघते."

"अगं पण तुझा तो युक्तिवाद?"

"दुसरं कुणी करेल. आणि हे बघ, ते काकू म्हणणं आता सोड. म्हणू नकोस."

लेक हसली, पण ते नेहमीचं हसू नव्हतं, वाटेत कुठंतरी अडकलं होतं.

"मग काय म्हणू?" तिनं विचारलं.

कात्रीनं तोंड उघडलं. तो शब्द साधा होता, दोन अक्षरांचा, जगातली पोरं तो सर्वांत आधी शिकतात. पण तो असा मागून घ्यायचा असतो का, आणि मागायचा तर आपण कुठल्या तोंडानं मागायचा? ऐक ना, तुला आठवतं का, तू झाडाला निळा रंग देत होतीस, असं काहीतरी ती म्हणणार होती. पहिला शब्द जिभेवर आलाही. आणि आतून शिपायाचा खडा आवाज व्हरांडाभर घुमला. घड्याळजी आणि मालक यांच्या प्रकरणाचा पुकारा झाला.

"जा," लेक म्हणाली. तिनं फोनवरूनही ओळखला होता तो आवाज. लहानपणी बाकावर बसून तो तिनं इतक्या वेळा ऐकला होता की तो आला की आपलं बोलणं संपलं हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. "तुझा पुकारा झाला. आपण नंतर बोलू."

"थांबेल तो. तू बोल. मी ऐकतेय."

"कोर्ट थांबत नसतं," लेक अगदी मायेनं म्हणाली. "तूच सांगायचीस ना?"

"नाही नाही, मी इथंच आहे," कात्री घाईघाईनं म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला समोर कोर्टाचं दार दिसलं, अगदी दोन पावलांवर. बोलण्याच्या नादात ती अख्खा व्हरांडा चालून आली होती, फोन कानाशी, आणि दुसऱ्या हातानं छातीशी धरलेली फाईल.